उबेची पाळी

१५ नोव्हेंबर १९७०, रविवार

पोचलो एकदाचा! पुण्याहून रात्रभर गाडीत बसून हाडं खिळखिळी झाली होती, पण पुणतांब्याच्या फलाटावर पाय ठेवला आणि उसाच्या रसाचा तो गोडसर, थोडा आंबूस वास नाकात शिरला. तेव्हा कुठे खात्री पटली की नृसिंह गोविंद देवळे, बी.एस्सी., खरोखरच नोकरीला लागले. टांग्यानं कारखान्यावर गेलो. वाटेत उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. बैलांच्या तोंडाला फेस, गाडीवानांच्या तोंडाला तमाखू. साहेबांनी कागद पाहिले, मूळ प्रमाणपत्रं नीट जपा म्हणाले, आणि उद्यापासून तिसरी पाळी दिली. म्हणजे रात्री बारा ते सकाळी आठ. रसाचा गोडवा मोजायचा, नोंदवहीत लिहायचा. पाळ्या आठवड्याला बदलतात असं कळलं.

वसाहतीत जागा नव्हती. प्रयोगशाळेतला शिपाई पुंजाराम, पन्नाशीचा, मिशाळ आणि अबोल, मला अर्ध्या मैलावर आप्पासाहेबांच्या मळ्यात घेऊन गेला. तिथलं जुनं गुऱ्हाळ कधीच बंद पडलंय. त्याचीच भिंती घालून खोली केलीय. पूर्वी ज्या चुलवणावर गुळाची काहील चढायची, ते बुजवून वर ओटा बांधलाय, आणि ओट्यावर गादी. तोच पलंग. जाड कापसाची, रुंद, फार जुनी गादी आहे.

खोलीत आधीपासून एक जण राहतात. हेमचंद्रराव मुळे. ऊस खात्यात आहेत, दिवसाची नोकरी. चाळिशीचे असतील. गोरे, बारीक आवाजाचे, फार अदबशीर. त्यांनी हसत हसत हिशेब सांगितला की ते रात्री झोपणार, मी दिवसा, तेव्हा एका गादीत दोघांचं भागतं. मला पटलं. भाडंही निम्मं.

मग त्यांनी फळीवरचा पडदा सरकवला.

बरण्या! लोणच्याच्या, मुरंब्याच्या, कंदिलाच्या काचेच्या. झाकणांना खिळ्यानं पाडलेली भोकं. आत विंचू, एक काळीकुळकुळीत इंगळी, वीतभर घोण, आणि तीन कोळी. साधे जाळेवाले नव्हेत. तळहाताएवढे, केसाळ, मातीच्या रंगाचे. उसाच्या सरीत सापडतात म्हणाले. आईला हे पत्रात लिहायचं नाही, एवढं ठरवून टाकलं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

खोटं कशाला बोलू, काल गादीवर पडलो तेव्हा पहिला तासभर डोळे फळीवरच होते. पण बरण्यांतली मंडळी दिवसा हलत नाहीत. खिडकीला गोणपाट, खोलीत अंधूक पिवळा उजेड, लांबून कारखान्याची घरघर. झोप लागली ती थेट संध्याकाळपर्यंत.

आज हेमचंद्ररावांनी सगळ्यांची ओळख करून दिली. झुरळं आणि नाकतोडे हे त्यांचं अन्न. आठवड्यातून एकदा पुरतं. कोळी माणसाच्या वाटेला जात नाही, त्याला माणूस म्हणजे एक मोठा गरम दगड वाटतो, असं ते म्हणाले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, तिथून बाहेर पडावं लागलं. का, ते मी विचारलं नाही.

ओट्याच्या उशाला, भिंतीला टेकून, गोडेतेलाचा मोठा पत्र्याचा डबा आहे. निम्मा मातीनं भरलेला. मातीत मनगट जाईल असं एक भोक, त्याला रेशमी, पांढरट अस्तर. यात कोण, असं विचारलं तर त्यांचा आवाज आणखी खाली आला. बाई आहेत, म्हणाले. बाई लाजाळू आहेत, सहसा बाहेर येत नाहीत. किड्याला अहोजाहो करणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मला हसू आलं. ते हसले नाहीत.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

बस्तान बसलं. काम अवघड नाही. पुंजाराम चहा चांगला करतो.

हेमचंद्ररावांसारखा सोबती मिळायला भाग्य लागतं. माझ्या झोपेची काळजी माझ्या आईनंही इतकी घेतली नव्हती. सकाळी सव्वाआठला मी येतो तेव्हा ते गादीवरच असतात. मी पाय धुवून येईपर्यंत उठत नाहीत. मी ओट्याशी आलो की ते एका कडेनं उतरतात आणि दुसऱ्या कडेनं मी चढतो. गादी आयती गरम मिळते. थंडी पडू लागलीय, बरं वाटतं. संध्याकाळी साडेपाचला ते येतात, मला हलवतात, आणि मी उठून चपला शोधतोय तोवर पडलेसुद्धा असतात. मी मग खानावळीत जातो, क्लबात कॅरम खेळतो, तिथूनच पाळीवर. ते मात्र कुठेच जात नाहीत. डबा आणतात आणि गादीवर बसूनच जेवतात. आमच्या घरी अंथरुणावर जेवलं असतं तर वडिलांनी ताट भिरकावून दिलं असतं.

उशाशी रोज चिठ्ठी असते. ‘आज नऊ तास झोपा. मध्ये उठू नये.’

३० नोव्हेंबर, सोमवार

काल रविवार. त्यांची सुट्टी, माझीही. म्हटलं दोघं मिळून गोदावरीवर जाऊ. तर त्यांना ताप. दिवसभर पांघरूण घेऊन पडून. मी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मागच्या रविवारीही ते असेच पडून होते.

मळ्यातल्या विहिरीवर राहीबाई भेटल्या, आप्पासाहेबांचं कुटुंब. खोलीचं विचारलं तर पदर खोचत म्हणाल्या, “आमी न्हाई त्या दाराच्या आत पाय ठिवत. त्यांचं त्ये जानं.” मी हसून म्हणालो, कोळ्यांना भिता की काय. त्या म्हणाल्या, “कोळ्याला कशाला भ्यायाचं? रानात लई हायेत. पर सायेब, त्यांना थंडीत येक झोपनारा मानूस लागतो. तुमच्या आधी सूर्यभान हुता. लई गुनी पोरगं. गेलं तवा डावा हात असा लोंबत हुता.” आणि घागर उचलून चालायला लागल्या.

गावच्या बायका. तरी मी संध्याकाळी हेमचंद्ररावांना सूर्यभानबद्दल विचारलं. तो माझ्याच जागेवर, तिसऱ्या पाळीचा केमिस्ट होता, आजारी पडून संगमनेरला घरी गेला, एवढंच म्हणाले. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं की हे मला कुणी सांगितलं.

५ डिसेंबर, शनिवार

आता सांगतो तो प्रकार मला आवडलेला नाही.

शनिवारी रात्री मला काम नसतं. तेव्हा मी जमिनीवर सतरंजी टाकतो, आणि जमीन बर्फासारखी असते. म्हणून परवा सुताराकडे एक नवारीची खाट सांगून ठेवली होती. आज दुपारी तो ती घेऊन निघाला होता. मी झोपेत होतो. संध्याकाळी कळलं की हेमचंद्ररावांनी त्याला वाटेतच गाठलं आणि माझ्या नावानं परत पाठवलं. मी जाब विचारला. म्हणाले, खोलीत जागा नाही. जागा आहे. मी पावलांनी मोजलीय, दोन खाटा मावतील. मग म्हणाले, गादीची सवय मोडू नका, पाठीला चांगली. असं म्हणताना ते गादीवरून हात फिरवत होते. गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा.

११ डिसेंबर, शुक्रवार

पाळी बदलत नाही. चौथा आठवडा चालू आहे. माझ्याबरोबर लागलेला दुसरा पहिल्या पाळीला गेलासुद्धा. आज सुटताना साहेबांना विचारलं. ते चकित झाले. तुमचाच तर अर्ज आहे म्हणाले, आणि काढून दाखवला. ‘हंगाम संपेपर्यंत मला तिसरीच पाळी मिळावी, ही नम्र विनंती.’ खाली माझी सही. माझ्या ‘ळे’ची शेपटी जशी वर जाते तशी गेलेली. अर्ज मुळ्यांनी आणून दिला होता.

मी तो लिहिलेला नाही.

साहेबांना तसं सांगणार होतो. पण नवी नोकरी, आल्याआल्या सहीची भानगड. गप्प बसलो. हेमचंद्ररावांना माझी सही कुठे सापडली? वहीच्या पहिल्या पानावर. म्हणजे ते ही वही वाचतात. आजपासून वही अंगावर ठेवीन.

माझी झोप त्यांना इतकी का हवी आहे?

१६ डिसेंबर, बुधवार

मुद्दाम करून पाहिलं. नऊला झोपल्याचं सोंग केलं, अकराला उठलो आणि पोस्टात गेलो. पोस्टाची वाट ऊस कचेरीवरून जाते; तिथून त्यांनी मला पाहिलं असणार. परत यायला पाऊण तास लागला असेल.

दारात त्यांची सायकल आडवी पडली होती, चाक अजून फिरत होतं. हेमचंद्रराव गादीवर पालथे. बूट, टोपी, सगळ्यासकट. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मला पाहून ओशाळं हसले. भोवळ आल्यासारखं झालं, म्हणाले. मग म्हणाले की तुम्ही आता येऊन पडा, म्हणजे मला कामावर जाता येईल.

मी पडलो. का पडलो कोण जाणे. त्यांनी माझ्या खांद्यापर्यंत पांघरूण ओढलं.

२० डिसेंबर, रविवार

डाव्या कमरेवर दोन लाल ठिपके. मध्ये बोटभर अंतर. भोवतालचा रुपयाएवढा भाग बधिर, टाचणी टोचली तरी कळत नाही. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, ढेकूण असतील.

शंका आली ती बरण्यांची. चार दिवस प्रत्येक झाकणावर आणि बरणीवर मिळून खडूची एक रेघ ओढून ठेवत होतो. एकही रेघ मोडलेली नाही. सगळे आपापल्या जागी.

राहिला डबा. त्याला झाकण नाहीच. भोकाशी एक नाकतोडा ठेवला, पाय मोडून, हलू नये म्हणून. उठलो तेव्हा नव्हता. पण रेशमी अस्तराला मातीचा एक कणही लागलेला नाही. पाच आठवड्यांत मी त्या डब्यात काहीही पाहिलेलं नाही. आणि ते कधी त्यात वाकून पाहतात असंही दिसलं नाही. ते फक्त गादीकडे पाहतात.

२७ डिसेंबर, रविवार

संगमनेरला जाऊन आलो. हेमचंद्ररावांना रविवारचा ताप आहेच, तेव्हा कुठे जाता हे विचारायला ते उठणार नव्हते. पत्ता पुंजारामनं दिला. देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

प्रवरेच्या काठाला घर. सूर्यभानची आई साळूबाई. मी कारखान्यावरून आलोय म्हटल्यावर ती दार लावायलाच निघाली. आतून त्यानं हाक मारली. पंचवीस-सव्विसाचा असेल. डावा हात वाळल्या शेंगेसारखा. फरशीवर बसला होता, घरात कुठेही अंथरूण नाही. आई म्हणाली, “वरीस झालं, गादीवर पाठ टेकली न्हाई त्यानं. थंडीतबी फरशीवर.”

मी कमरेवरचे ठिपके दाखवले. मग म्हणाला, “मुळ्यांनी फसवलं न्हाई मला, सांगितलं हुतं. म्हनले, शेवटचे चार दिस उठू नका. मी उठलो.” मी विचारलं, उठल्यावर काय झालं. तो म्हणाला, “गादी गार पडली. मग ती बघायला आली, कोन उठलं त्ये.”

ती म्हणजे कोण, यावर तो रडायला लागला. साळूबाईंनी मला घालवून दिलं.

२९ डिसेंबर, मंगळवार

आज दहा वाजता डबा उचलला. हातात हलका आला. इतका हलका की तोल गेला.

डब्याला बूड नाही. माती खालीच राहिली.

भोक मातीतून खाली जातं, ओट्याच्या विटांतून आत, त्या बुजवलेल्या चुलवणात. तिथे सगळं पोकळ आहे. काडी ओढून पाहिलं. ओट्याला वरच्या अंगानं, बरोबर गादीखाली, दुसरं भोक. त्याच्या कडेलाही तसंच रेशीम. गादीच्या खालच्या खोळीला ते शिवल्यासारखं चिकटलेलं.

गादीवर हात दाबला. मी कमर टेकतो तिथे, कापसाच्या आत, काहीतरी गोल आहे. नारळाएवढं. मऊ. गरम.

सहा आठवडे मी त्यावर—

डबा जागेवर ठेवला. बाहेर उसाच्या बांधावर येऊन बसलोय. ऊन आहे. तेवढ्यात लांबून सायकल येताना दिसते आहे.

२९ डिसेंबर, संध्याकाळ. प्रयोगशाळेत

ते आधी आत जाऊन पडले, मग मला हाक मारली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. ते काहीच नाकबूल करत नाहीत. जसं बोलणं झालं तसं लिहून ठेवतो.

ते म्हणाले, “आता तुम्हाला कळलंच आहे, तर बरंच झालं. फसवणूक मला जमत नाही.”

मी म्हणालो, “सही जमली.”

“ती क्षमा करा.” खरोखर हात जोडले. “तीन हिवाळे झाले. पहिल्या वेळी मला ठाऊक नव्हतं, मी दिवसा कामावर जायचो. अंडी थंडीनं गेली. कोष हातात घेतला तेव्हा बर्फासारखा होता. दुसऱ्या वेळी सूर्यभान उठला. तिला गादीत ऊब सापडते म्हणून ती तिथे ठेवते. रात्रीची मी देतो. दिवसाची कुणी द्यायची?”

मी म्हणालो की ती चावते. ते म्हणाले, “चावत नाही हो. तुम्ही कूस बदलू नये म्हणून बधिर करते. आई झोपेत मुलाला थोपटते ना, तसं.”

मग त्यांनी पांघरुणातून एक काचेची नळी काढून दाखवली. आत टाकलेल्या कातेचा एक पाय. नुसता पाय. माझ्या वितीहून लांब, तपकिरी केसांनी भरलेला. असा प्राणी नसतोच, असं म्हणून कॉलेजात त्यांची टिंगल झाली होती. पिल्लं दाखवली की सगळ्यांची तोंडं बंद होतील. सात-आठ दिवस राहिले, म्हणाले. फार तर नऊ.

मी निघालो. ट्रंक आतच राहिली. प्रमाणपत्रं त्यात आहेत. मागून त्यांचा आवाज आला, अजिजीचा, की निदान पाळी तरी ठरवून घेऊ.

२ जानेवारी १९७१, शनिवार

चार दिवस प्रयोगशाळेत, बाकावर. झोप येत नाही. बाक थंड लागतो. कमरेचा बधिरपणा मांडीपर्यंत आलाय.

साहेबांना सांगितलं. शब्द जुळेनात. ते म्हणाले, थकलात, चार दिवस घरी जाऊन या. पुंजारामला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “रॉकेल घाला. पेटवा.” तू येशील का बरोबर, म्हटलं. तो चहाचे कप विसळायला लागला.

हेमचंद्रराव कामावर येत नाहीत. मंगळवारपासून.

४ जानेवारी, सोमवार

रजा मंजूर. घरी जातो. पण ट्रंकेशिवाय कसा जाऊ. प्रमाणपत्रं गेली तर सगळंच गेलं, वडिलांनी पाठीचा कणा मोडून शिकवलं.

राहीबाईंनी विहिरीवर थांबवलं. “त्ये सा दिस दार उघडत न्हाईत. पानीबी न्हाई. आतून कन्हतात. सायेब, काय बी असलं तरी मानूस हाय वो.”

हो. माणूस आहे.

उद्या दुपारी जाईन. उन्हात. दार सताड उघडं ठेवून. ट्रंक घेईन आणि निघेन. पाच मिनिटांचं काम.

५ जानेवारी, मंगळवार, दुपारी ३.२०

वेडा मी. वेडा.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत वास. सात दिवस ते गादीवरून उठले नव्हते, कशासाठीच नाही. ओठ फुटलेले. डोळे खोल गेलेले. पाय वाळक्या लाकडासारखे. मला पाहून रडले. म्हणाले, “नृसिंहराव, दहा मिनिटं. फक्त विहिरीवर जाऊन येतो. घोटभर पाणी. मी उठलो आणि ही गार पडली तर ती वर येईल, मला पळता यायचं नाही. तुम्ही ट्रंक घेऊन जा नंतर. दहाच मिनिटं.”

मी विहिरीवरून पाणी आणून दिलं. हातातला तांब्या त्यांना धरवेना. गिळवेनाही. सगळं गळ्यावरून ओघळलं. म्हणाले, विहिरीपाशी डोक्यावर पाणी ओतलं तरच जीव राहील. माझ्या हाताला धरलं होतं. तो हात किती हलका झालाय.

मी पडलो. ते रांगत बाहेर गेले.

आणि बाहेरून कडी लावली.

३.३५

ओरडलो. कुणी नाही. ऊसतोड लांबच्या शेतात आहे. राहीबाई बाजारला गेल्यात, आज मंगळवार.

उठणार नाही. सूर्यभानचा हात आठवतो. उठलो तर दारापर्यंत सहा पावलं, आणि दार बंद.

वही हातात आहे म्हणून लिहितोय. लिहिलं की जरा—

३.५०

ते दाराशीच आहेत. श्वास ऐकू येतो. मी शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. मग हळूच म्हणाले, “नृसिंहराव, वही आहे ना जवळ? वेळ टाकून लिहा. जे होईल ते लिहा. माझे डोळे आता उघडे राहत नाहीत.”

मी विचारलं, कडी का लावलीत.

“मला भीती वाटते,” म्हणाले.

४.१०

पाठीखाली हालचाल. आधी वाटलं माझंच धडधडतंय. नाही. माझ्यापेक्षा वेगळ्या ठेक्यात.

कापसातून चुरचुर आवाज. लाह्या भिजतात तसा.

४.२२

मनगटावर एक. पांढरं, मोहरीएवढं. आठ पाय मोजता आले. गरम शोधतंय. बाहीत गेलं.

४.२४

वीस. पन्नास. मोजत नाही.

चावत नाहीत. नुसती चढतात. मानेत, कानामागे. बोटांवर बसलीत, लिहिताना चिरडू नयेत म्हणून सावकाश—

का सावकाश? मी का सावकाश लिहितोय?

४.३१

डावा पाय गेला. आहे, पण माझा नाही.

हेमचंद्रराव विचारतात, निघाली का. मी हो म्हणालो. ते रडतायत की हसतायत कळत नाही.

४.३६

डबा सरकला. उशाशी. पत्रा विटेवर घासला.

पिल्लं थांबली. सगळी एकदम.

केसांना काहीतरी लागतंय. हलकं. चाचपडत. एक, मग दुसरं, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी—

४.३७

हेमचंद्रराव दाराला तोंड लावून विचारतायत. बाई कशा दिसतात? सांगा ना. तीन वर्षांत त्यांनी एकदाही— त्यांनी तिला पाहिलेलंच नाही, कधीच, पाहायचा धीरच—

सांगा ना, म्हणतायत, एकदा मान वळवून बघा आणि सांगा

मी मान वळव